गाडीले घाम येते

कुरखेड्याच्या प्रत्येक मोहल्ल्यात जुनी गाडी बाळगणारे एक काकाजी असतातच. आमच्या काकाजींची महिंद्राची एमएम 540 जीप आहे, एमएच-33 च्या पाट्या यायच्या आधीची. साल विचारलं तर सांगत नाहीत. "जिल्हा झाला ना 82 ले, त्याच्याहून थोडी लहान हाये," एवढंच. इंजिनाचं मात्र विचारू नका, चहा थंड होईल. फ्रान्सच्या प्यूजोचं डिझेल इंजिन, 2112 सीसी, चार सिलिंडर, प्रत्येकाचं बोअर 90 मिलिमीटर, "म्हनून त्याचं नाव 4.90." त्यांच्या शाळकरी नातीलाही हे पाढ्यासारखं पाठ आहे.

अशा माणसाची गाडी कधी बिघडत नाही. तिला फार तर 'बरं नसतं'. जीपखाली पाणी दिसायला लागलं तेव्हा घरात 'गळते' हा शब्द उच्चारायची सोय राहिली नाही. "टपकत नाही गा, घाम येते तिले. ऊन किती हाये पाय ना!"

तरी रोज रात्री साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा पसरून ते तिच्याखाली सरकवायचे आणि सकाळी दात घासायच्या आधी उजेडात धरून बघायचे. काळा डाग म्हणजे इंजिन ऑइल, ते चालतं. मागच्या बाजूला घट्ट, उग्र वासाचा डाग म्हणजे गिअर ऑइल, तेही चालतं. पुढे पंख्याच्या खाली तांबूस कडेचं ओलं वर्तुळ दिसलं की बोट लावायचे, हुंगायचे आणि पुठ्ठा पालथा करून ठेवायचे.

रस्त्यावर बॉनेट उघडं दिसलं की आपल्याकडे माणसं जमतात. निवृत्त गुरुजी म्हणाले रेडिएटर, राईस मिलवाले म्हणाले पाइप. काकाजींनी सगळ्यांचा मान राखला. पाइपांच्या क्लिपा बदलल्या, रेडिएटरचं झाकण नवं आणलं आणि शेवटी काकूच्या डब्यातली मूठभर हळद रेडिएटरमध्ये ओतली. रेडिएटरला बारीक छिद्र असेल तर हळद ते बुजवते, हे खरं. इथं छिद्र रेडिएटरला नव्हतंच. पुढं बरेच दिवस जीप तापली की मोहल्ल्यात वरणाला फोडणी दिल्यासारखा वास सुटायचा.

मग एका दुपारी त्यांना वॉटर पंपाच्या पोटाशी बारीक भोक सापडलं. थेंब तिथूनच येत होता. त्यांचा आनंद काय वर्णावा! "पाय, कंपनीवाल्यायनं भोक बुजवाचंच ठेवलं!" एम-सील मळून त्यांनी ते लिंपून टाकलं. खरं तर ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतला सील झिजला की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं आणि मालकाला कळावं, म्हणून. काकाजींनी गाडीचं तोंडच बंद केलं. पाणी बेअरिंगमध्ये गेलं, ग्रीस धुऊन निघालं आणि जीप जात्यासारखी घरघरू लागली. "आता आवाज कसा भारी झाला, नाही?"

आणि याच आवाजात ते आम्हाला कोरचीकडच्या एका लग्नाला घेऊन निघाले! बेडगावच्या घाटात काटा लालीवर गेला. काकाजी शांत. "काही नाही होत." जीप सावलीत लावली, मागचा पाण्याचा डबा काढला, पण झाकणाला हात लावला नाही. याबाबतीत त्यांचं मानलं पाहिजे. अर्धा तास थांबले, मग दुपट्ट्याची घडी झाकणावर ठेवून पाव फेरा, वाफ जाऊ द्यायची, पुन्हा पाव फेरा. तोवर वऱ्हाडी रानात पांगून टेंभरं आणि चारं खात बसले होते. परतताना पुन्हा बंद पडावी असं दोघातिघांनी उघड बोलून दाखवलं.

शेवटी मिस्त्री आला. कुणाचं काही न ऐकता त्यानं पंख्याचं पातं धरून मागेपुढे हलवलं. ते दाताच्या दवाखान्यात न्यावं इतकं हलत होतं. "काकाजी, हा पंखा जारीत शिरला असता ना!" काकाजी पहिल्यांदाच गप्प झाले.

पंप आणायला वडशाला जावं लागलं. जुना पंप पिशवीत घालून, कारण एवढ्या जुन्या मॉडेलचा नमुना काउंटरवर आपटल्याशिवाय दुकानदाराला पटत नाही. वडशाला गेलेला माणूस नुसता पंप घेऊन परतत नाही. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथंच आहेत. मंडईच्या नाटकाची तारीखही पक्की करून काकाजी संध्याकाळी परतले.

बसवायचं काम चिंचेखाली झालं. जुना गॅस्केट ब्लेडनं खरवडताना काकाजी मिस्त्रीच्या खांद्यावरून वाकून, "तिथं राह्यलं, तिथं, कोपऱ्यात." नव्याला शेलॅक लागलं, समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळले गेले, पट्टा अंगठ्यानं दाबून अर्धा इंच लवतो का ते पाहिलं. झाकण उघडं ठेवून इंजिन चालवलं, बुडबुडे थांबले. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा कोरडा. काकाजींनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला, मग संशयानं रेडिएटरमध्ये डोकावले, पाणी आहे तरी का म्हणून.

जुना पंप त्यांनी रॉकेलनं धुऊन खोलीत ठेवला आहे. "सील टाकला का आनखी दहा वर्षं जाते." काकूनं परवा वाळत घातलेल्या पापडांवरचं कापड उडू नये म्हणून तो त्यावर ठेवला. काकाजींनी तो उचलला, दुपट्ट्यानं पुसला आणि त्याच्या जागी वीट ठेवून आत नेला.