उकळून प्या, म्हणजे दाट होईल

गावच्या पाण्याला सरकारदरबारी दोनच औषधं ठाऊक: टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, आणि ‘उकळून प्या’. जुलाब लागले, टीसीएल टाका. कावीळ आली, उकळा. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या फ्लोराइडवाल्या गावात पोरांचे दात पिवळे-तपकिरी पडले, तरी उकळाच. फ्लोराइड बिचारं जंतू नाही, खडकातून विरघळून आलेलं. दोन लिटर आटवून एक लिटर केलं की वाफ उडून जाते आणि फ्लोराइड पातेल्यात जागा धरून बसतं, जवळपास दुप्पट दाट. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅम असावं. दुसरा उद्भवच, म्हणजे पाण्याचा स्रोतच, नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचं. चुलीला मानक कोण वाचून दाखवणार?

म्हणून नमुना प्रयोगशाळेत जातो. फ्लोराइडसाठी बाटली प्लास्टिकची हवी, काचेची चालत नाही. शिसं तपासायचं तर नायट्रिक आम्लाचे थेंब टाकायला हवेत. नाहीतर धातू बाटलीच्या आतल्या अंगाला चिकटतो आणि पाणी पुराव्याअभावी निर्दोष सुटतं. प्रत्यक्षात नमुना येतो शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत, बुचाला अजून संत्र्याचा वास. चिठ्ठीवर गावाचं नाव भिजून पुसलेलं. ‘उद्भव’ हा शब्द तेवढा ठळक.

आत मात्र काम चोख. कठीणपणा मोजताना ब्युरेटमधून थेंब थेंब पडतो, चंबूतलं लालसर पाणी जांभळं होतं आणि एका थेंबासरशी निळं. तो थेंब चुकू नये म्हणून माणूस श्वास रोखून उभा असतो. असली रासायनिक तपासणी वर्षातून एकदा. जंतूंची दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर. मीठमसाल्यापेक्षा जंतूंचा मान मोठा!

नायट्रेटचं आणखी न्यारं. उकिरड्याशेजारची विहीर, वरून शेतातला युरिया. मर्यादा ४५ मिलिग्रॅम, तिथे सवलत नाही, कारण तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद त्याने घटते आणि बाळ निळं पडतं. अहवाल येतो ‘पिण्यास अयोग्य’. ग्रामपंचायत तत्परतेने टीसीएल टाकते. जंतू मरतात, नायट्रेट जिवंत नव्हतंच, ते कशाला मरेल?

उपाय नाहीत असं नाही. फ्लोराइडवर तुरटी आणि चुन्याची ‘नलगोंडा’ पद्धत नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेनेच बसवली. अॅल्युमिनाचे फिल्टरही आहेत. भरले की ते धुऊन पुन्हा कामाला लावावे लागतात. ती तारीख उद्घाटनाच्या कोनशिलेवर कोरलेली नसते.

मग स्वस्तातला उपाय उरतो: हातपंपाला तांबडा रंग, म्हणजे ‘हे पाणी पिऊ नका’. उन्हाळ्यात विहीर आटली की हंड्यांची रांग त्याच तांबड्या पंपावर लागते. दांडा हापसून हापसून रंग उडतो, खालचं लोखंड उघडं पडतं. पुढच्या साली नमुना न्यायला आलेल्या माणसाला तो साधाच पंप दिसतो. तो शीतपेयाची बाटली विसळतो आणि चिठ्ठीवर लिहितो, ‘उद्भव: हातपंप’.