चारशे घोडे आणि एक अर्जदार

चौतीस वर्षे महसूल खात्यात, आणि त्यांतली अखेरची अकरा तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून काढल्यामुळे, दाराशी आलेल्या माणसाला न दुखावता रिकाम्या हाताने परत कसे पाठवावे, या विद्येत मला कोणी काही शिकवावे असे आता उरलेले नाही, असा एक नम्र अभिमान मी निवृत्तीनंतरही जतन करून ठेवला होता. तो मुंबईतील एका वातानुकूलित मोटार-दालनात, कॉफीच्या तिसऱ्या पेल्याबरोबर, गळून पडला. त्या दालनाचे किंवा त्या मोटारीच्या कंपनीचे नाव मी सांगणार नाही. अब्रूनुकसानीच्या दाव्याचे भय हे त्याचे गौण कारण होय. मुख्य कारण असे की, आमची मोटार अद्यापि अधूनमधून त्यांच्याच ताब्यात असते.

'आमची' हा शब्द मी नातेसंबंधाच्या अर्थाने वापरतो. मोटार आमच्या मेहुण्यांची. कागल तालुक्यातील त्यांच्या वडिलोपार्जित जमिनीपैकी दीड एकर महामार्गाच्या रुंदीकरणात गेली, तिचा मोबदला एकरकमी हाती पडला, आणि ज्या रस्त्याने आपली जमीन खाल्ली त्याच रस्त्यावर तो पैसा उधळून सूड घ्यावा, असा एक तर्कशुद्ध विचार त्यांच्या मनात आला. परदेशातून सबंध बांधून आलेल्या मोटारीवर आपले सरकार वर्षानुवर्षे तिच्या किमतीइतकीच जकात घेत आले आहे. म्हणजे एक मोटार घेणारा मनुष्य दुसरी सरकारच्या पायांशी ठेवतो. पहिल्या मालकाने हा नजराणा आधीच चुकता केला असल्यामुळे जुनी मोटार त्या मानाने मातीमोल मिळते. मेहुण्यांनी मुंबईच्या एका गृहस्थाकडून ती घेतली : चारशे अश्वशक्ती, दोन माणसांची जागा, यंत्र पाठीमागे आणि डिकी पुढे. ''एकाच हातची हाय, दाजी. सहा वर्सांत निस्ती अकरा हजार किलोमीटर फिरलीया.''

दस्तऐवज तळापर्यंत वाचण्याची खोड मला जन्माची लागलेली. मी चष्मा लावून चाकांभोवती फिरलो. टायरच्या कडेवर कोरलेल्या मजकुराच्या शेवटी चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. आमच्या टायरांवर २३१७ होते, म्हणजे २०१७ सालातला तेविसावा आठवडा. रबर चालल्याने झिजते, पण उभे राहिल्यानेही वाळते आणि कडक होते, आणि मोटारीच्या पोटातील तेल अडवणाऱ्या सीलांचेही तेच. बारा वर्षे रेकॉर्ड रूममध्ये बसलेल्या माझ्या एका सहकाऱ्याची प्रकृती पाहिलेली असल्यामुळे ही गोष्ट मला तत्काळ पटली. परंतु मेहुण्यांनी टायरवरची शाबूत नक्षी दाखवली आणि विषय खारीज केला.

ही मोटार गावात आली तेव्हा वेशीवरच्या गतिरोधकाने तिचे स्वागत केले. तिच्या पोटाखाली हात जेमतेम जाईल एवढीच पोकळी, आणि आमचा गतिरोधक गावकऱ्यांनी श्रमदानाने घातलेला, म्हणजे कोणत्याही शासकीय मापात न बसणारा. दोन फळ्या टाकून, तिरपी तिरपी करून, बारा माणसांच्या बारा सल्ल्यांनी ती आत आली. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपती राजाराम महाराजांची मेबॅक मोटार मिरवणुकीत पाहिलेली एक म्हातारी त्या गर्दीत होती. ती म्हणाली, ''महाराजांची गाडी बी अशीच हळू चालतीया.'' अशा वाहनाचा खरा उपयोग दरबारी लोकांना केव्हाच उमगला होता, हे त्या वेळी आमच्या ध्यानात यायला हवे होते : वर्षातून एकदा काढावे, चालत्या माणसाच्या वेगाने न्यावे, आणि परत नेऊन झाकून ठेवावे.

पुढे उसाची तोड लागली आणि तीन आठवडे मोटार गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उभीच राहिली. त्यानंतर एके सकाळी मेहुण्यांनी किल्लीवरचे बटण दाबले, तो काहीच झाले नाही. अशा मोटारी बंद असल्या तरी झोपत नाहीत. त्यांच्यातले संगणक, पहारे आणि गजर अंधारात थोडी थोडी वीज पीत राहतात आणि महिन्याभरात बॅटरी कोरडी करतात. यात नवल नाही. नवल पुढे आहे. बॅटरी पुढच्या डिकीत होती. डिकी विजेवर उघडत होती. आणि वीज बॅटरीत उरली नव्हती. दाखल्यासाठी अर्ज पाहिजे आणि अर्जासोबत तोच दाखला जोडला पाहिजे, ही जी रचना आमच्या खात्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून साध्य झाली होती, ती परदेशी अभियंत्यांनी पत्र्याच्या एका पेटीत बसवून दाखवली होती. मी मनातल्या मनात त्यांना मुजरा केला.

मालकाच्या माहितीपुस्तकात तोड सापडली, कारण पळवाट नसलेला नियम जगात कोणी केलेला नाही. दाराजवळच्या फ्यूजच्या पेटीतून एक कांडी बाहेर ओढता येते. तिला बाहेरून वीज दिली की डिकीचे कुलूप सुटते. बाहेरची वीज म्हणजे शेजारच्यांच्या ट्रॅक्टरची बॅटरी, तीही बारा व्होल्टचीच. उसाच्या दोन रिकाम्या ट्रॉल्या जोडलेला तो ट्रॅक्टर आमच्या मोटारीला खेटून उभा राहिला, दोन तारा जोडल्या, आणि चारशे घोडे पस्तीस घोड्यांच्या कृपेने जागे झाले. मेहुण्यांचा चेहरा उतरलेला पाहून मी त्यांना इटलीची गोष्ट सांगितली. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी हा मुळात ट्रॅक्टर करणारा मनुष्य. त्याच्या फेरारीचा क्लच पुन्हापुन्हा बिघडे. तक्रार घेऊन तो खुद्द एन्झो फेरारीकडे गेला, तेव्हा 'तुम्ही आपले ट्रॅक्टर चालवावेत' अशा अर्थाचे उत्तर मिळाले, आणि त्या रागाने त्याने १९६३ साली सांतआगाता गावात आपला स्वतःचा कारखाना घातला, अशी आख्यायिका आहे. तक्रारअर्ज फेटाळल्याने एवढा मोठा उद्योग उभा राहिल्याचे दुसरे उदाहरण माझ्या माहितीत नाही. आमच्या कचेरीने फेटाळलेल्या अर्जांतून फार तर उपोषणे उभी राहिली. मेहुण्यांनी गोष्ट लक्षपूर्वक ऐकली आणि विचारले, ''त्यानं तवा जमीन किती इकली?''

मोटार चालू झाली खरी, परंतु तिच्या समोरच्या तबकडीवर जोतिबाच्या यात्रेसारखी रोषणाई झाली. पिवळे दिवे, तांबडे दिवे, इंग्रजीत सूचना, आणि दर सूचनेच्या अखेरीस 'अधिकृत विक्रेत्यास भेटावे' असा शेरा. अधिकृत विक्रेता मुंबईत, पावणेचारशे किलोमीटरांवर. पहाटे आम्ही निघालो. सोबत धपाटे, जयसिंगपूरचे भडंग, आणि मोटारीच्या कागदपत्रांचे मी स्वतः अनुक्रमांक घालून बांधलेले बाड होते.

पुण्यापर्यंत प्रवास ऐटीत झाला. किणीच्या आणि तासवड्याच्या टोलनाक्यांवर कर्मचाऱ्यांनी खिडकीतून वाकून, म्हणजे जवळजवळ लोटांगण घालून, आमचे दर्शन घेतले. साताऱ्याजवळ कंदी पेढे घेतले. ते ठेवायला जागा माझ्या मांडीवर होती. खंबाटकीचा बोगदा ओलांडताना मेहुण्यांनी काच खाली करून यंत्राचा आवाज ऐकवला. तो आवाज खरोखरच सुंदर होता, आणि मी तो कितीही उपहासाने सांगू पाहिला तरी त्या चाळीस सेकंदांत मला दीड एकराचे दुःख झाले नाही, हे कबूल केले पाहिजे.

पुणे मागे पडले आणि आम्ही द्रुतगती मार्गाला लागलो. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरांचा हा रस्ता २००२ साली पुरा खुला झाला, आणि 'आता गाडी मोकळी करतो' असे मेहुणे ज्यासाठी दोन महिने म्हणत होते, तो हाच. ताशी शंभराची मर्यादा ते पाळणार होते की नव्हते, हा प्रश्न मोटारीनेच निकालात काढला. तळेगाव सोडले, तबकडीवर एक नवा तांबडा दिवा लागला, यंत्राने एक सुस्कारा टाकला आणि मोटार ताशी चाळीसवर आली ती तेथेच राहिली. आपल्याला इजा होईल अशी शंका आली की ही यंत्रे आपण होऊन शक्ती आवरती घेतात आणि कसेबसे दुकानापर्यंत पोचण्यापुरती चालतात. आमच्या खात्यात याला 'वैद्यकीय रजेच्या काठावरचा कर्मचारी' म्हणत. डावीकडच्या मार्गिकेतून, चारी इशारे लुकलुकवत, आम्ही चाललो. सिमेंटचे ट्रक आमच्या पुढे गेले, कोंबड्यांचा टेम्पो गेला, शिवनेरी बस गेली आणि तिच्या खिडक्यांतून लोकांनी आमची छायाचित्रे घेतली. दुचाक्या, रिक्षा आणि ट्रॅक्टर यांना त्या रस्त्यावर मज्जाव आहे म्हणून, नाहीतर तेही गेले असते. खंडाळ्यानंतर बोरघाटाचा उतार लागला तेव्हा मात्र मोटारीने आपल्या लौकिकाला साजेसा थोडासा वेग घेतला. तो गुरुत्वाकर्षणाचा होता, पण मेहुण्यांनी तोही मनापासून उपभोगला.

दालनाचे वर्णन मी विस्ताराने करणार आहे, कारण तेथे मी गुरू पाहिले.

आमच्या कचेरीत बाके होती, तीही मोडकी. इथे कोच असा होता की बसलेला अर्जदार उठून तावातावाने बोलू म्हणेल तर त्याला उठताच येऊ नये. आमच्याकडे 'साहेब दौऱ्यावर आहेत' हे एकच उत्तर आम्ही चौतीस वर्षे वापरून गुळगुळीत केले. इथे तीन तासांत मी नऊ उत्तरे मोजली आणि त्यांतले एकही दुसऱ्यांदा आले नाही. संगणक लावला आहे. संगणकाने सत्तावीस दोष दाखवले आहेत. दोष परदेशातील तांत्रिक विभागाला मेलने कळवले आहेत. तिकडे आता रात्र आहे. तिकडे सकाळ झाली आहे, परंतु सुट्टी आहे. प्रत्येक उत्तरापाशी एक कॉफी. उत्तर देणाऱ्या तरुणाचा हुद्दा 'रिलेशनशिप मॅनेजर' असा होता. नात्याचा कारभार पाहणारा स्वतंत्र अधिकारी नेमावा ही कल्पना आमच्या खात्याला सुचली असती तर निम्मे वाटपाचे दावे कचेरीबाहेरच मिटले असते. तो मेहुण्यांना 'सर' म्हणत होता आणि मेहुणे, गावात ज्यांच्यासमोर ग्रामसेवक उभा राहतो ते मेहुणे, हातातली टोपी गोल गोल फिरवत 'जरा बघा की साहेब' म्हणत होते. ही टोपी मी ओळखली. माझ्या टेबलासमोर ती चौतीस वर्षे फिरत होती.

सायंकाळी अंदाजपत्रक आले : गिअरबॉक्सचा नियंत्रक बदलणे, सात लाख चाळीस हजार, भाग परदेशातून यावयाचा, मुदत सहा ते दहा आठवडे, रक्कम आगाऊ. हमीची मुदत संपून चार महिने झाले होते. खाली बारीक अक्षरांत असेही होते की, या दुरुस्तीने दोष जाईलच असे नाही. असे वाक्य लिहिणारा कारकून माझ्या हाताखाली असता, तर मी त्याची पदोन्नतीसाठी शिफारस केली असती.

मात्र एक गोष्ट मला ठाऊक होती, जी त्या दालनातील अर्जदारांना ठाऊक नसते. प्रकरणाची खरी हकीकत साहेबाकडे नसते, ती दप्तर उचलणाऱ्या शिपायाकडे असते. मेहुण्यांना कोचात ठेवून, भडंगाची पिशवी घेऊन मी मागच्या अंगाला गेलो. तेथे गाड्या धुणारा एक मुलगा चंदगडकडचा निघाला. (चहापाणी देण्याघेण्याच्या प्रथेशी माझा कधी संबंध आला नाही, असे माझ्या गोपनीय अहवालांत सलग लिहिलेले आहे, भडंगाला तो नियम लागू नाही.) त्याने मूठभर भडंग तोंडात टाकले, मोटारीकडे पाहिले, आणि आतल्या एका वयस्क मिस्त्रींना हाक मारली. मिस्त्रींनी मीटरच्या दोन सुया बॅटरीला लावल्या. भरलेली बॅटरी साडेबाराच्या वर दाखवते. आमची साडेअकरा दाखवत होती. ''वीज कमी पडली की हिच्यातले सगळे काम्प्यूटर एकमेकांवर आरोप करतात, काका,'' मिस्त्री म्हणाले. ''आधी बॅटरी बदला, मग दिवे पुसा. उरेल तो दोष.''

सत्तावीस कर्मचारी एकमेकांविरुद्ध निनावी अर्ज करतात आणि मुळात पगार झालेला नसतो, हे प्रकरण मी पूर्वी पाहिले होते.

दालनाला हे सांगताना मी मिस्त्रींचे नाव घेतले नाही. केवळ लेखी अर्ज दिला की, अंदाजपत्रक मान्य करण्यापूर्वी बॅटरी बदलून फेरतपासणी व्हावी, पोच मिळावी. 'पोच' हा शब्द ऐकताच नात्याच्या अधिकाऱ्याने प्रथमच माझ्याकडे पाहिले. तशी बॅटरी शिल्लक नव्हती, आणि बसवल्यावर तिची नोंद मोटारीच्या संगणकात करावी लागते, म्हणून बाहेरची चालणार नव्हती. मोटार ठेवून आम्ही रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने परतलो. त्या गाडीने आम्हांला वाटेत काहीही विचारले नाही.

अठरा दिवसांनी बोलावणे आले. सत्तावीसपैकी पंचवीस दोष पुसले गेले होते. उरलेल्या दोनांपैकी एक टायरांचा होता, आणि दुसरा काय आहे हे परदेशातून कळवायचे होते. बिल सात लाखांचे नव्हते, तरीही त्यात एक बरी म्हैस आली असती. ''दाजी, दोन म्हशी,'' मेहुण्यांनी दुरुस्ती केली.

गोष्ट येथे मिटली असती, परंतु निघताना मिस्त्रींनी बजावले होते की, मोटार उभी असेल तेव्हा तिला सदैव चार्जर लावून ठेवा. आता ती पत्र्याखाली उभी असते, तिच्या पोटातून एक काळी तार निघते आणि गोठ्यातील खुंट्याशेजारच्या बोर्डापर्यंत जाते; शेजारी म्हैस दाव्याला आणि ही तारेला. बोर्ड शेतीपंपाच्या वाहिनीवर आहे, आणि तिकडची वीज दिवसपाळी-रातपाळीने येते. परवा रात्री दीड वाजता फोन वाजला. पलीकडे पंपाची घरघर नव्हती, त्यावरून मी काय ते ओळखले.

''दाजी,'' मेहुणे हलक्या आवाजात म्हणाले, ''लाइट गेलीया. तेवढा तुमच्या वळकीच्या वायरमनला फोन लावा की.''

मी म्हणालो, साहेब दौऱ्यावर आहेत, उद्या या.