नवंजुने

आमच्या बिरसीत त्याला नवंजुने म्हणतात. हे त्याचं आडनाव नाही, पण पोस्टमनसुद्धा आता याच नावाने हाक मारतो. सोसायटीचं पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरायचं आणि एप्रिलात पुन्हा उचलायचं, याला शेतकरी 'नवंजुनं करणं' म्हणतात. वेळेत भरलं तर तीन लाखांपर्यंत व्याज शून्य, तेव्हा सगळेच करतात. फरक इतकाच की बाकीचे हे वर्षातून एकदा करतात आणि हा बारा महिने करायचा. किराणा दुकानाची उधारी भागवायला दूधवाल्याकडून घ्यायचे, दूधवाल्याची भागवायला साळ्याकडून, साळ्याची भागवायला माझ्याकडून. माझी भागवायची वेळ येईस्तोवर किराणावाला पुन्हा राजी झालेला असायचा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. त्याच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला मी जामीनदार आहे. हे सारं जामीनदाराने लिहिलेलं आहे, हे ध्यानात ठेवूनच वाचा.

देणं असलेला माणूस साधारणपणे रस्ता बदलतो. नवंजुनेही बदलायचा, पण घेणेकऱ्याच्या घरावरून जाता यावं म्हणून. ओट्यावर मी दिसलो की सायकल थांबवायचा, एक पाय जमिनीवर टेकवायचा आणि म्हणायचा, "गुरुजी, तुमचे चार हजार माझ्या ध्यानात आहेत जी." हे तो अशा तृप्त चेहऱ्याने सांगायचा की ऐकणाऱ्याला पैसे मिळाल्यासारखं वाटे. दोनदा तर मी त्याला "राहू दे, राहू दे" म्हणालो आणि वर चहा पाजला.

कर्जमाफ्या त्याला सणांसारख्या पाठ होत्या: २००८, २०१७, २०१९. त्यातली २०१९ ची जखम मोठी. महात्मा फुले कर्जमुक्तीत थकलेलं पीककर्ज दोन लाखांपर्यंत माफ झालं. याने त्या मार्चात, आयुष्यात प्रथमच बायकोच्या धाकाने, वेळेवर नवंजुनं केलेलं. त्यामुळे त्याचं काही थकलेलंच नव्हतं! पुढे नियमित फेडणाऱ्यांना पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन मिळेल असं सरकारने सांगितलं, ते २०२२ मध्ये वाटायला लागले. तोवर त्या पन्नास हजारांच्या भरवशावर याने साठ हजार उचलले होते.

गोंदियाजवळच्या या बिरसीबद्दलही थोडं सांगायला हवं. इंग्रजांनी १९४० साली, महायुद्धाच्या धामधुमीत, इथे धावपट्टी केली. युद्ध संपलं, इंग्रज गेले, धावपट्टी राहिली. आता तिथे वैमानिक होणारी पोरं शिकतात. खाली धानाच्या बांधीत रोवणा चाललेला असतो आणि डोक्यावर दिवसभर शिकाऊ विमानं घिरट्या घालतात. रोवणाऱ्या बाया मान वर करत नाहीत, पण नवंजुने धुऱ्यावर उताणा पडून बघत राहायचा. वैमानिक व्हायला लाखो रुपये लागतात आणि त्यातली बरीच पोरं कर्ज काढून आलेली असतात, हे कळल्यापासून त्याचा विमानांविषयीचा आदर दुणावला. "वर जायचं तं कर्ज पायजेच, गुरुजी," हा त्याचा त्यावरचा सिद्धान्त.

वर जायचं मात्र ठरवलं त्याच्या बायकोने.

तिला गाव 'सिस्टर' म्हणतं. नर्सिंगचा कोर्स केलेली, गोंदियाच्या एका दवाखान्यात रात्रपाळ्या करणारी. कॅनडाने जून २०२३ पासून आरोग्यक्षेत्रातल्या लोकांना वेगळ्या फेरीत बोलवायला सुरुवात केली, ही बातमी तिला रात्रपाळीतच कळली. तिने इंग्रजीची परीक्षा दिली, मार्कशिटा तपासून घेतल्या, फॉर्म भरला. नवऱ्याला कळलं ते त्याच्या सहीची गरज पडली तेव्हा. कागदावर ती मुख्य अर्जदार आणि हा सोबत येणारा. गावात कुणालाच नवल वाटलं नाही.

मग आली बँकेच्या पत्राची अट. नोकरीचं पत्र हातात नसताना कायमचं राहायला जाणाऱ्याने तिथे उतरल्यावर पोट भरेल एवढे पैसे स्वतःकडे आहेत हे दाखवायचं असतं. २०२४ मध्ये दोन माणसांसाठी हा आकडा होता १८,२८८ कॅनेडियन डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने अकरा लाखांच्या वर. बँकेने आपल्या लेटरहेडवर लिहून द्यायचं की खातं कधी उघडलं, आज शिल्लक किती, मागच्या सहा महिन्यांची सरासरी किती, आणि या माणसावर कर्ज किती. शिवाय हे पैसे कुणाकडून उसने आणलेले चालत नाहीत.

सिस्टरने हे वाचून दाखवलं तेव्हा मी तिथेच बसलो होतो. नवंजुने बराच वेळ गप्प होता. मग माझ्याकडे वळून दबक्या आवाजात म्हणाला, "गुरुजी, त्या लोकायले माझ्याबद्दल सांगतलं कोणं?"

तिने दोनशे पानी वही काढली. सलग तीन रात्री नवऱ्याला समोर बसवून तिने त्याच्या तोंडून सगळं देणं वदवून घेतलं. पंचनामाच म्हणा. डाव्या पानावर 'कागदाचं' कर्ज: ट्रॅक्टर, सोनेतारण, क्रेडिट कार्ड, आणि तिच्याच बचत गटातून तिच्याच नावावर उचललेले वीस हजार. उजव्या पानावर 'तोंडाचं', म्हणजे नुसत्या शब्दावर घेतलेलं. डावं पान अर्ध्यात संपलं. उजवी बाजू पान उलटून पुढे गेली, तिथूनही पुढे गेली आणि त्रेचाळीस नावांवर थांबली. त्यात एक शिंपी निघाला. शेरवानीची शिलाई, २०११. लग्नाला तेरा वर्षं झाली होती आणि शेरवानी अजून शिंप्याचीच होती.

नवंजुनेने वही उलटीसुलटी करून पाहिली आणि त्याचा चेहरा उजळला. "बँकेच्या पत्रात तोंडाचं येत नाही नं?"

"नाही येत."

"मंग ते कर्जच नव्हे."

"ते आधी," सिस्टर म्हणाली आणि वही मिटली.

अकरा लाखांचा प्रश्न सुटला तो म्हाताऱ्यामुळे. नवंजुनेचा बाप हा दुसऱ्याच मातीचा माणूस. जन्मात कुणाचं पैचं देणं नाही आणि कुणाला पै दिलेली नाही. विमानतळात गेलेल्या जमिनीच्या तुकड्याचे पैसे त्याने मुदतठेवीत ठेवले होते आणि पोराला पत्ता लागू दिला नव्हता. सुनेला मात्र ठाऊक होतं, कारण ठेवीच्या पावत्या तीच वाचून दाखवायची. तिच्या शिलकीत जेवढे कमी पडत होते तेवढे म्हाताऱ्याने द्यायचे ठरलं. अडचण एकच होती. उसने चालत नाहीत, भेट चालते. आणि भेट म्हणून दिले तर 'परतफेडीची अपेक्षा नाही' असं लिहून द्यावं लागतं.

साक्षीदार अर्थातच मी. म्हाताऱ्याने कागद तीनदा वाचून घेतला.

"'अपेक्षा नाही' असंच लिहा लागते का जी, गुरुजी? 'सवडीनं' नाही लिहिता येत?"

मी म्हटलं, नाही येत.

तो सुनेकडे वळला. "कागदावर असू दे. पण आपसात..."

"मामाजी," ती म्हणाली, "कागदावर आहे तेच खरं. ते कबूल नसेल तर देऊ नका. खोटी सही मला नको."

कागद दोन दिवस खाटेवर उशीखाली राहिला. तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने सही केली आणि त्या रात्री तो जेवला नाही. मी कर्जखतांवर पुष्कळ सह्या पाहिल्यात, स्वतः केल्यात. पण माणसाला इतका त्रास देणारी सही दुसरी पाहिली नाही.

त्यानंतरचे सहा महिने नवंजुनेच्या आयुष्यातले सर्वांत हलाखीचे. खात्यात अकरा लाख, आणि घरात साखर उधारीची! पैशाला हात लावला की सरासरी खाली येणार. एवढी शिल्लक त्याच्याजवळ कधी नव्हती आणि इतका कंगालही तो कधी नव्हता. गावाला आकडा ठाऊक होताच, असले आकडे बँकेत राहत नाहीत. पण तगाद्याला कुणी फिरकलं नाही. उलट घेणेकरी भाविक झाले. व्हिसा आला तर वसुली, हे साधं गणित होतं. किराणावाल्याने मारुतीला नारळ बोलला. मंडईच्या जत्रेत दंडारीचा खेळ बघायला जमलेले लोकसुद्धा एकमेकांना आधी "कॅनडाचं काय झालं?" असं विचारत होते.

तेवढ्यात सिस्टरने आपल्या पगारातून उजवं पान फेडायला काढलं. दर महिन्याला सात-आठ नावं. प्रत्येकाच्या दारी नवऱ्याला सोबत न्यायची आणि पैसे त्याच्या हातून द्यायला लावायची. गावाची पंचाईत झाली. नवंजुनेकडून पैसे कसे घ्यायचे याची सवयच कुणाला नव्हती. किराणावाल्याने पन्नास रुपये मुद्दाम बाकी ठेवले. म्हणाला, खातं पुरतं मिटवू नये, माणूस यायचं थांबतो. शिंपी म्हणाला, "मी तं तो आहेर समजून सोडला होता." पण घेतले. माझे चार हजार मला सकाळी मिळाले, आणि संध्याकाळी सायकल ओट्यापाशी थांबली. हैदराबादच्या तिकिटाला थोडे कमी पडत होते. मी दिले. त्याला जशा सवयी आहेत तशा मलाही आहेत.

तिकीट हैदराबादचं, कारण १ डिसेंबर २०२३ पासून बिरसीहून हैदराबादला आणि तिथून तिरुपतीला विमान सुरू झालं होतं. नवंजुनेने व्हिसासाठी नवस बोलला तोही तिरुपतीलाच, आणि त्यामागे नुसती भक्ती नव्हती, जातभाईपणा होता. पद्मावतीशी लग्न करायला व्यंकटेशाने कुबेराकडून कर्ज काढलं आणि कलियुग संपेपर्यंत तो ते फेडत राहणार आहे, ही कथा त्याला कुणी तरी सांगितली होती. "पाहा जी गुरुजी, देवानंही लग्नासाठीच काढलं! आणि हप्ते कोण भरते? भक्त."

"तुमचेही भक्तच भरतात," सिस्टर माझ्याकडे बघत म्हणाली.

व्हिसा आला. जायच्या आधीच्या महिन्यात तिने बाकीचं उरकलं. सोनं सोडवलं. क्रेडिट कार्ड बंद करून तसं पत्र घेतलं. परदेशी राहायला जाणाऱ्याला साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही, ते अनिवासी खात्यात बदलावं लागतं. तेही केलं आणि ट्रॅक्टरचा हप्ता त्या खात्यातून आपोआप कापला जाईल अशी व्यवस्था लावली. बँकेच्या पत्रात ट्रॅक्टरचं कर्ज तिने लपवलं नव्हतं, त्यामुळे रात्री झोप लागते असं ती म्हणायची. म्हाताऱ्याच्या नावे कुलमुखत्यारपत्र केलं. अनिवासी झाल्यावर भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, आधीची किंवा वारसाने आलेली तेवढी ठेवता येते, हे वकिलाकडून ऐकून नवंजुने दोन दिवस उदास होता. जन्मात त्याने गुंठाभर जमीन विकत घेतली नव्हती, पण घेऊ शकत होता ना!

निघायच्या दुपारी विमानतळाच्या फाटकाशी पंचवीस-तीस माणसं होती. निम्मे नातेवाईक, निम्मे माजी घेणेकरी. डोळे जास्त दुसऱ्या गटाचे भरले होते. म्हातारा फाटकाशी आला नाही. तो आपल्या बांधीत उभा राहिला आणि विमान डोक्यावरून गेल्यावर पुन्हा धुरा बांधायला लागला.

तिकडे पोचून चार महिने झाल्यावर नवंजुनेचा फोन आला. आवाज खचलेला. सिस्टरचं तिथल्या परवान्याचं काम चालू आहे, तोवर ती वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून जाते. हा एका गोदामात खोकी उचलतो. त्याचं त्याला काही नव्हतं. दुःख निराळंच होतं. तिथे त्याला कुणी उधार देईना. नव्याने आलेल्या माणसाची कर्जफेडीची नोंद तिथे कोरी असते, आणि कोऱ्या माणसावर बँक सहजी विश्वास ठेवत नाही. अनामत ठेवून त्यावर कार्ड घ्यायचं, वापरायचं, वेळेवर भरायचं, मग हळूहळू पत तयार होते. "माझेच पाचशे डॉलर ठेवून घेतले जी गुरुजी, आणि मलेच उसने देऊन राहिले! अशात माणसानं काय करावं?" मग थोडं थांबून म्हणाला, "इथं सकाळी दारच वाजत नाही."

मी म्हटलं, वाजेल.

ट्रॅक्टरचा जानेवारीचा सहामाही हप्ता वेळेवर जमा झाला. बँकेचा मेसेज मलाही येतो. आणखी तीन उरलेत. माझे चार हजार त्याच्या ध्यानात आहेत.