आलाप जरा लांबवा

गाण्याच्या कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका मी एखादी कविता वाचावी तशी वाचतो. जाडसर पिवळट कागद, कोपऱ्यात रेखाटलेली वीणा आणि मधोमध निःशंकपणे छापलेलं ‘सायंकाळी ठीक ६ वाजता’. ते छापायला देणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं, की कलाकार पुण्याहून दुपारी निघतील, खंबाटकी घाट मोकळा असेल, वीज जाणार नाही आणि आधी बोलणारे पाहुणे दोनच मिनिटं बोलतील. जगावर इतका विश्वास हल्ली फक्त वधूपित्याकडे उरला आहे.

तो विश्वास तडकला की त्याचे तुकडे वेचायला आमच्या संगीत मंडळात एक काका आहेत. कुणाचे सख्खे काका नव्हेत; सगळ्या गावाचे. एका हातात फोन, दुसऱ्या हातात हारांची पिशवी. अडचण जितकी मोठी, तितका त्यांचा आवाज खाली उतरतो. साधा माइक बंद पडला तर ते ओरडतात, पण ते कुजबुजायला लागले की आम्ही कार्यकर्ते चहाचे कप खाली ठेवतो.

त्या संध्याकाळी ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “बाई घाटात आहेत.” घाटात कंटेनर बंद पडला होता आणि त्याच्यामागे जोडसुट्टीला निघालेलं अर्धं पुणे उभं होतं. सहाला मारवा गाणार असलेल्या बाई त्या रांगेत कुठेतरी होत्या. त्यांच्या शिष्या मात्र सकाळच्या एसटीने येऊन दोन्ही तानपुरे लावून बसलेल्या. मारव्यात पंचम नाही, म्हणून पहिली तार निषादात. मणी केसभर वर, केसभर खाली करत चार वाजल्यापासून जमवलेला तो निषाद ग्रीनरूममध्ये एकटाच गुणगुणत होता.

आठला वाजवणारे सतारिये गावातच होते. लॉजवर झोपले होते. त्यांना उठवून “पंडितजी, आधी तुम्ही” असं सांगणं काकांनाच जमतं. पण सतार म्हणजे काही बटण दाबलं की वाजणारी वस्तू नव्हे. पंडितजी रात्रीचा बागेश्री मनात धरून आले होते. पडदे त्याच बेताने सरकवलेले, खालच्या तरफा त्याच सुरांत मिळवलेल्या. आता सूर्य मावळत होता. मावळतीला बागेश्री वाजवणं त्यांना संध्याकाळी भूपाळी म्हटल्यासारखं वाटलं असतं. एक अक्षर न बोलता त्यांनी कोमल गंधाराचा पडदा शुद्धाकडे ढकलला आणि एकेक तरफ छेडत मारव्याकडे निघाले. रंगमंचावर तेवढ्यात निवेदिकेने मंडळाचा इतिहास सुरू केला. लग्नात नवरी मांडवात पोचेपर्यंत हौशी मामी पदरच्या मंगलाष्टकांची भर घालतात, तसा तिने त्या इतिहासात बराच इतिहास घातला. संस्थापकांच्या वडिलांपर्यंत ती गेली होती.

आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की दोघांना साथ करणारा तबलजी एकच होता आणि तो बाईंच्या गाडीत होता.

काकांचा आवाज आता जवळजवळ नाहीसाच झाला. पडद्याच्या फटीतून त्यांनी प्रेक्षागृहात पाहिलं. चौथ्या रांगेत गावातले तबल्याचे मास्तर बसले होते. पोस्टात नोकरी, संध्याकाळी पोरांना कायदे-पेशकार शिकवणं, आणि आज नवा झब्बा घालून, बायकोला घेऊन, निवांत श्रोता म्हणून आलेले. काकांनी त्यांना बोलावून दोन वाक्यं सांगितली. मास्तरांनी एकदा बायकोकडे पाहिलं आणि पुतण्याला घरी पिटाळलं. घर बाजारपेठेपलीकडे होतं आणि बाजाराचा दिवस होता.

पंडितजी रंगमंचावर जायला उठले तेव्हा काकांनी हात जोडले. “आलाप जरा लांबवा.”

आपल्या संगीताचं मला याबद्दल फार कौतुक वाटतं. दुसऱ्या कुठल्या कलेत इतकी वाट पाहायची सोय आहे? नाटकात प्रियकर वेळेवर आला नाही तर नायिकेने काय करावं? इथे मात्र आलाप आहे, मग जोड, मग झाला, आणि यातल्या कशालाच तबला लागत नाही. पूर्वी रात्र रात्र चालणाऱ्या मैफली बहुधा या ऐसपैसपणातूनच वाढल्या असाव्यात. १९५३ साली सुरू झालेला पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सवही पुढे कित्येक वर्षं पहाटेपर्यंत चालायचा. मग ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहाची वेस पडली, सरकारने ठरावीक दिवशी बारापर्यंत सूट दिली. पण रात्रभर बसून भटियार ऐकायचा तो काळ गेला. आता पहाटेच्या रागांना सकाळचं वेगळं सत्र मागावं लागतं.

तर पंडितजींनी आलाप लांबवला. मंद्रातल्या धैवतावर ते असे रेंगाळले, की षड्जाला जणू यायचंच नव्हतं. विंगेत पुतण्या धापा टाकत पोचला; तबला-डग्गा आणले होते, चुंबळी विसरला होता. काकांनी खांद्यावरचा पंचा फाडून दोन वेटोळी केली. मास्तर कोपऱ्यात तोंड फिरवून, हातोडीचे अगदी हलके घाव घालत तबला सुरात आणत होते. प्रत्येक घावाला विंगेतले आम्ही सगळे डोळे मिटत होतो. मग ते रंगमंचावर गेले, पंडितजींनी मान वळवून पाहिलं, आणि विलंबित तीनतालाची गत सुरू झाली. पहिल्या समेला मास्तरांचा हात किंचित कापत होता, तिसऱ्याला नव्हता. पुढे पंडितजींनी गत तशीच धरून त्यांना मोकळं सोडलं, तेव्हा चौथ्या रांगेतल्या बाईंनी पर्स रिकाम्या खुर्चीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी ताल धरला.

बाई आठ वाजून गेल्यावर आल्या. काळ मारव्याच्या हातून निसटला होता, तेव्हा त्यांनी बागेश्री घेतला. दोन कलाकारांनी घाटातल्या कंटेनरच्या साक्षीने राग बदलून घेतले होते. शिष्यांनी तो चार तास जपलेला निषाद मुकाट्याने मध्यमापर्यंत उतरवला. दहाला पाच कमी असताना भैरवी संपली. मास्तर तोवर परत चौथ्या रांगेत जाऊन बसले होते. त्यांच्या नव्या झब्ब्याच्या बाहीवर तबल्याच्या पावडरीचा पांढरा पट्टा होता आणि तो झटकायची त्यांना मुळीच घाई नव्हती.

बाहेर पडताना गावातले एक जुने जाणकार काकांजवळ थांबले. “इतका सावकाश, भारदस्त आलाप हल्ली ऐकायला मिळत नाही. आजकालच्या लोकांना धीरच नाही.” काकांनी मान डोलावली. जाणकार दोन पायऱ्या उतरले आणि वळून म्हणाले, “चपलांचं मात्र पुढच्या वेळी काहीतरी करा. माझी एकच सापडतेय.”

काका कुजबुजत म्हणाले, “बघतो.”