गाळ्यावर कंट्रोल कसा ठेवावा

शेठनी तुम्हाला सुपरवायझर केलं, अभिनंदन. पगार थोडा वाढला आणि कालपर्यंत तुमच्या खांद्यावर हात टाकून बोलणारे कारीगर आज तुम्ही दिसताच गप्प होतात. बढती झाली ती अशी ओळखायची. नया नगरातल्या एका गल्लीत, १२ शिलाई मशीन, एक कटिंग टेबल आणि एक पोटमाळा एवढ्या साम्राज्यावर मी सहा वर्षं राज्य केलं. त्या पुण्याईवर हे मार्गदर्शन.

सुरुवात चहापासून करा. १२ कारीगर, दोन वेळा कटिंग, १० रुपये दर. रोजचे २४० झाले. शेठना हा खर्च फार टोचतो, कारण चहावाला पैसे मागायला रोज दारात उभा राहतो. उसवून पुन्हा शिवलेले पीस दारात उभे राहत नाहीत, म्हणून ते कुणाला टोचत नाहीत. तेव्हा दुपारचा चहा बंद करा. रोजचे १२० वाचले. आता चार वाजता बाराही जण स्वतःच्या पैशाने चहा प्यायला खाली उतरतील आणि २५ मिनिटांनी वर येतील. म्हणजे मशीनचे पाच तास गेले. रजिस्टरात मात्र ‘बचत १२०’ एवढंच लिहा. वेळेचा रकाना रजिस्टरात नसतो. तो आखायच्या भानगडीत पडू नका.

मग घड्याळ. अमेरिकेतल्या फ्रेडरिक टेलरने स्टॉपवॉच घेऊन कामगारांच्या हालचाली मोजल्या आणि १९११ मध्ये त्याचं शास्त्रच छापलं. मीही मोबाइल घेऊन आमच्या सर्वांत जुन्या कारीगराच्या, चाचांच्या, मागे उभा राहिलो. एरवी दोन मिनिटांत कॉलर बसवणारा माणूस त्या दिवशी साडेचार मिनिटं लावत होता, तीही अत्यंत मन लावून. मी घसा खाकरला तसे ते मान वर न करता म्हणाले, “कितना टाइम चाहिए बोलो, उतने में बिठा दूँगा.” दोन मिनिटं दाखवली की पीसचा दर उतरतो, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ साली १४ कामगारांना एका खोलीत बसवून निरीक्षण केलं, तेव्हा त्यांनीही रोजचं काम आपसांत ठरवून तेवढंच ठेवलं होतं. जास्त करणाऱ्याच्या दंडावर गुद्दा बसायचा. आमच्याकडे गुद्दा नाही; चाचा नुसतं बघतात.

दंड लावताना कायदा सांभाळा. १९३६ च्या कायद्याने दंडाला पगाराच्या मर्यादेत बांधलं, नव्या वेतन संहितेतही तो ३ टक्क्यांच्या वर जात नाही, आणि जमलेले पैसे कामगारांच्याच भल्यासाठी खर्चावे लागतात. हे परवडणारं नाही. म्हणून दंड हा शब्दच वापरू नका, ‘तीन लेट म्हणजे एक खाडा’ अशी पाटी लावा. आमचा नालासोपाऱ्याहून येणारा पोरगा दोनदा लेट झाला. तिसऱ्यांदा गाडी चुकली, तेव्हा तो प्लॅटफॉर्मवरूनच घरी परतला. खाडा तर लागणारच होता, निदान झोप मिळाली. पाटी अजून आहे. तिच्यावर सुया टोचून ठेवतात.

रमजानात हे मार्गदर्शन कपाटात ठेवा. ईदेचा माल ईदेआधी जायलाच हवा असतो. इफ्तारला शेठ स्वतः खजूर आणि फळं घेऊन येतात, चहा कुणी मोजत नाही, लेट कुणी लिहीत नाही, आणि रात्री उशिरापर्यंत मशीन थांबत नाही. माल वेळेवर जातो. याचा अर्थ काय, यावर मात्र विचार करू नका. सुपरवायझरची जागाच धोक्यात येते.

आपल्या खानदानाची आठवण असू द्या. मुंबईच्या गिरण्यांत आपला पूर्वज होता जॉबर. कामावर कुणाला घ्यायचं हे त्याच्या हातात, आणि त्याबद्दलची दस्तुरी त्याच्या खिशात. शेवटी १९३५ मध्ये गिरणी मालकांनी ‘बदली कंट्रोल’ आणलं; बदली म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी घेतलेला माणूस. ज्याच्याकडे बदली कार्ड, त्यालाच आधी काम. नाव बदल्यांचं, वेसण जॉबरला.

आमच्या गाळ्यात शेठनी कॅमेरा बसवला, तेव्हा शिडी मीच धरली होती. तोंड मशीनकडे करा, असं इलेक्ट्रिशियनला मीच बजावलं. आठवड्याने शेठचा घरून फोन आला: “चार वाजून दहा मिनिटांनी तुमची खुर्ची रिकामी का?”

अशा वेळी घाबरू नका. कारीगर चहाला किती वेळ लावतात ते तपासायला खाली उतरलो होतो, असं सांगा. आणि कटिंगचे १० रुपये किरकोळ खर्चात टाका.