घाम पोरांचा, सही पालकांची, भाषण पाहुण्यांचं

जून उजाडला की शाळेतून घरी कागद येऊ लागतात. फीचा येतो, बसचा येतो आणि पोरगं बँड पथकात निवडलं गेलं असेल, तर हमीपत्राचा येतो. पहिल्या दोन कागदांत शाळा काय देणार याचा निदान उल्लेख तरी असतो. तिसऱ्यात शाळा काय घेणार, एवढंच.

मजकूर सगळीकडे साधारण सारखाच. पाल्य रोज सकाळी पावणेसातला मैदानावर हजर राहील. सराव चुकवणार नाही. वाद्याचं नुकसान झाल्यास भरपाई पालक देतील. गणवेशाचा खर्चही पालकांचाच. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, १ मे, क्रीडा महोत्सव, संस्थापक दिन आणि ‘संस्था वेळोवेळी सांगेल त्या’ कार्यक्रमांना पाल्य हजर राहील. वर्ष संपेपर्यंत पथक सोडता येणार नाही. आणि तळाला, बारीक टायपात: बँडमुळे अभ्यासावर परिणाम झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही.

एवढ्या अटी गृहकर्ज देताना बँकही घालत नाही. आणि बँक निदान पैसे तरी देते.

आता या अटी कुणाला घातल्यात ते बघा. बारा-तेरा वर्षांच्या पोराला. साइड ड्रम उजव्या खांद्यावरच्या पट्ट्याने डाव्या मांडीवर लोंबतो. पाऊल उचललं की त्याची कडा गुडघ्याच्या वर, रोज त्याच जागी आपटते. गणपतीपर्यंत तिथे निळा डाग पडतो आणि दिवाळीपर्यंत त्याची सवय होते. बिगुलवाल्याची गंमत वेगळीच. बिगुलाला कळ नाही, भोक नाही. एक वाकवलेली नळी, तिच्यातून निघणारे मोजके स्वर, आणि तेही सगळे ओठांच्या ताणावर. पहिले काही आठवडे नुसती हवा निघते. मग ओठ सुजतात. मग एखाद्या सकाळी अचानक सूर लागतो आणि पोरगं स्वतःच दचकतं.

ढोलवाल्याचं काम सगळ्यांत सोपं, असा समज आहे. डावा पाय पडला की ठोका, संपलं. पण तो एक ठोका इकडचा तिकडे झाला, की मागचं अख्खं संचलन उड्या मारत पाय बदलायला लागतं. शाळेतली हजार पोरं त्या एका पोराच्या मनगटावर चालत असतात. त्याला गैरहजर राहून चालत नाही, हे त्याला कळतं. त्यासाठी हमीपत्र लागत नाही.

हमीपत्र लागतं ते बाकीच्यांना.

पहिले मानकरी अर्थात प्रमुख पाहुणे. १५ ऑगस्टला मुख्य शासकीय ध्वजारोहणाची वेळ सरकारी परिपत्रकात ९ वाजून ५ मिनिटं अशी छापलेली असते. त्याच्या आगेमागे इतरांनी आपले कार्यक्रम ठेवू नयेत, अशी सूचनाही असते. म्हणजे सरकारला घड्याळ कळतं. शाळेच्या मैदानावर मात्र घड्याळाचे काटे पाहुण्यांच्या गाडीला बांधलेले. साडेसातची वेळ, सात वाजल्यापासून पथक उभं. पावणेआठला निरोप येतो, ‘साहेब निघालेत.’ निघालेत म्हणजे अंघोळीला, हे पी.टी.च्या सरांना अनुभवाने माहीत असतं. तोवर ‘पथक दक्ष’, ‘पथक विश्राम’, पुन्हा दक्ष. श्रावणातलं ऊन, लाल जाड कोट, सोनेरी झालर, तुऱ्याची टोपी. तो कोट दरवर्षी पुढच्या पोराच्या अंगावर चढतो. आतल्या अस्तरावर बॉलपेनने खोडलेली चार नावं आणि न खोडलेलं एक. बाह्या दोनदा दुमडलेल्या. कुणीतरी चक्कर येऊन बसतं, त्याला ग्लुकोजचं पाणी मिळतं आणि त्याची झांज शेजारच्याला.

पाहुणे येतात. राष्ट्रगीत होतं. त्याला ठरलेले ५२ सेकंद लागतात. मग राज्यगीत. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि शाहीर साबळे यांचा आवाज लाभलेल्या ‘जय जय महाराष्ट्र माझा’ला १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीताचा दर्जा मिळाला, तेव्हा दोनच कडवी घेतली गेली. कारण काय, तर ते आटोपशीर व्हावं. तेही दोन मिनिटांच्या आत संपतं. देशाने आणि राज्याने आपापली गाणी मोजूनमापून आवरली. भाषणाला मात्र कुणी कडव्यांची मर्यादा घातली नाही. आणि त्या भाषणात एक वाक्य ठरलेलं: ‘विद्यार्थ्यांनो, वाद्यं जरूर वाजवा, पण अभ्यासाकडे दुर्लक्ष करू नका.’ पंचेचाळीस मिनिटं उशिरा आलेला माणूस वेळेचं महत्त्व सांगतो आणि सात वाजल्यापासून उभं असलेलं पोरगं टाळ्यांच्या जागी ड्रमरोल वाजवतं. हमीपत्रात तशी अट आहे.

राज्यगीताचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक. मुख्याध्यापक पी.टी.च्या सरांना बोलावून सांगतात, ‘सर, पुढच्या सोमवारपासून राज्यगीत बँडवर.’ सर म्हणतात, ‘हो सर.’ दुसरं काय म्हणणार? बिगुलावर ती चाल वाजतच नाही, त्यात सप्तकाचे सगळे स्वरच नसतात, हे कोण सांगणार? मग बासरीवाल्या चार मुली गाणं ओढतात आणि बिगुलवाले बिगुल कमरेला लावून रुबाबात उभे राहतात. फोटो झकास येतो.

पी.टी.च्या सरांना नावं ठेवायचं कारण नाही. ते बिचारे कबड्डीचा संघ, योगदिन, आरोग्य तपासणी आणि जमलं तर निवडणुकीचं काम सांभाळून बँड शिकवतात. बऱ्याचदा त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. मोबाइलवर व्हिडिओ बघायचा आणि पोरांपेक्षा एक धडा पुढे राहायचं, ही त्यांची पद्धत. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय की सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील, तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक हवेत. महाराष्ट्रातल्या या निदेशकांना मुलांना शिकवण्याइतकाच वेळ स्वतःची नेमणूक टिकवायला कोर्टाच्या पायऱ्या चढण्यात घालवावा लागला. २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तर सांगतं की अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर अशी कडक भिंत ठेवू नये. भिंत पाडली आहे हे खरं. ‘अभ्यासावर परिणाम झाल्यास शाळा जबाबदार नाही’ ही ओळ फक्त तिच्या ढिगाऱ्यातून डोकं वर काढून उभी आहे.

शिस्तीबद्दल माझी तक्रार नाही. शिस्त हवीच. गोव्यात पोर्तुगीज काळापासून गावोगावच्या चर्चच्या शाळांत पोरांना संगीत शिकवत, तेव्हा तिथेही लाड नव्हते. आधी स्वरलिपी वाचायची, मग गायचं, मग हातात व्हायोलिन. पण तिथे शिकवायला नेमलेला, स्वतः जाणकार असा मेस्त होता. रोजचा ठरलेला तास होता. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस या वातावरणातून आले. त्यांचे वडील गावच्या चर्चमध्ये गायनवृंदाचे प्रमुख होते. पुढे मुंबईत याच अँथनींकडे संगीतकार प्यारेलाल व्हायोलिन शिकले. हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद गोव्याच्या पोरांनी भरले ते कुणाच्या हमीपत्रामुळे नाही. आधी गावाने मास्तर दिला, मग पोरांकडून मेहनत मागितली. आपण मेहनत आधी मागतो. मास्तराचं नंतर बघू म्हणतो.

वरच्या पायरीवर काय चित्र आहे? प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने केंद्राचं शिक्षण मंत्रालय आणि संरक्षण मंत्रालय मिळून राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धा घेतात. राज्य, मग विभाग, मग दिल्लीत अंतिम फेरी. चांगला उपक्रम आहे, मुलींसाठी वेगळे गट आहेत, हे तर फारच चांगलं. प्रकार मात्र दोन: ब्रास बँड आणि पाइप बँड. म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोन तरी हवेत, नाहीतर बॅगपाइप. आपल्याकडच्या साध्या मराठी शाळेत चार ड्रम, तीन बिगुल, बासऱ्या, झांजा आणि एक ट्रँगल. त्या ड्रमांतल्या एकाचं पान फुटलेलं आणि दुसऱ्याची ताणायची चावी गेल्या गॅदरिंगला हरवलेली. आणि दिल्ली गाठून पहिलं आलंच पथक, तर बक्षीस २१ हजार रुपये. पंचवीस-तीस पोरांत वाटले तर माणशी सात-आठशे. तेवढ्यात कोटाची शिलाईही निघत नाही.

आता पालकांकडे वळू. ते सुटणार नाहीत.

पालकांचा पहिला प्रश्न: ‘दहावीला मार्क किती मिळतात याचे?’ चित्रकलेच्या इंटरमिजिएटला मिळतात, खेळाला मिळतात, शास्त्रीय गायनाला मिळतात, मग झांजेला किती? दुसरा प्रश्न: ‘सकाळचा क्लास बुडेल, त्याचं काय?’ आणि तिसरी मागणी, जी प्रश्न म्हणून विचारली जात नाही: ‘आमच्या ह्याला पुढच्या रांगेत घ्या.’ गंमत अशी की हेच बाबा ऑगस्ट लागला की स्वतः ढोल-ताशा पथकात जातात. नदीपात्रात रोज संध्याकाळी तीन तास सराव, पथकाची वर्गणी, कमरेला ढोल, हातात टिपरू, व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस. तिथे एकही सराव चुकवत नाहीत. ‘कमिटमेंट आहे’ म्हणतात. पुण्यातली ही पथकांची लाट मुळात शाळांतून उठली. ज्ञान प्रबोधिनी आणि रमणबाग ही नावं त्यात सगळ्यांत आधी येतात. पोरांचा खेळ मोठ्यांनी उचलला, आणि पोरांना मात्र सांगितलं, ‘तू अभ्यास कर.’

शाळेजवळच्या सोसायटीचंही हमीपत्र घ्यायला हवं. सकाळी सातला मैदानावर ड्रम वाजला की दुसऱ्या मजल्यावरून मुख्याध्यापकांना फोन जातो. त्याच सोसायटीत नवरात्रात बारापर्यंत स्पीकर चालतो, तेव्हा तो फोन चार्जिंगला लावलेला असतो.

आणि सगळ्यांत मोठा विनोद नववीच्या शेवटी होतो. तीन वर्षं घासून पोराच्या हातात ताल बसतो. बिगुल कधी नव्हे तो स्वच्छ वाजायला लागतो. नेमकी तेव्हा शाळा सांगते, ‘आता दहावी, बँड बंद.’ वर्ष संपेपर्यंत पथक सोडणार नाही असं पोराने लिहून दिलेलं असतं. शाळा त्याला कधीही सोडू शकते, हे कुठे लिहिलेलं नसतं. जूनमध्ये पुन्हा सातवीची नवी पोरं, पुन्हा नुसती हवा काढणारे बिगुल, पुन्हा तोच निळा डाग. आपल्याकडच्या शाळांचे बँड कायम पहिल्या धड्यातच का असतात, याचं उत्तर शोधायला समिती नेमायची गरज नाही.

म्हणून एक सूचना. हमीपत्र राहू द्या, पण दुतर्फी करा. पुढच्या बाजूला पोराची कलमं, मागच्या बाजूला मोठ्यांची. पुरेसं आहे एवढं:

एक. शाळा वाजवणाऱ्यांइतकी चालू वाद्यं देईल, फुटलेलं पान महिन्याच्या आत बदलेल आणि बँड शिकवायला बँड येणारा माणूस आणेल. आठवड्यातून दोन दिवस का होईना.

दोन. पाहुणे पंधरा मिनिटांपेक्षा उशिरा आल्यास ध्वज मुख्याध्यापक फडकावतील. पाहुण्यांचा सत्कार घरपोच होईल.

तीन. भाषण तीन मिनिटं. चौथ्या मिनिटाला ढोलवाल्याला ठोका देण्याची मुभा राहील.

चार. दहावीतल्या मुलाला पथकात राहायचं की नाही, ते तो आणि त्याचे पालक ठरवतील.

पाच. पालक मार्कांचा हिशोब विचारणार नाहीत आणि १ मेला, निकालाच्या दिवशी, मामाच्या गावाहून परत आणलेल्या पोराला निदान एक आईस्क्रीम देतील.

यांतलं एकही कलम खर्चाचा डोंगर उभा करणारं नाही. खर्च फक्त पहिल्याला आहे, आणि तोही गॅदरिंगच्या रात्री भाड्याने आणलेल्या डीजेपेक्षा बहुतेक कमीच. बाकीच्या चारांना लागतो तो वक्तशीरपणा. पोरांकडे तो आहेच. तो मोठ्यांकडून लिहून घ्यायचा आहे.

तेव्हा पालकहो, येत्या जूनमध्ये हमीपत्र आलं तर सही जरूर करा. पण आधी कागद उलटा करून ही पाच कलमं लिहा आणि मुख्याध्यापकांची सही मागा. सही मिळाली तर पोराला बेलाशक बँडमध्ये घाला. नाही मिळाली तरी घाला, कारण पोराला ड्रम आवडतो. फक्त १५ ऑगस्टला पाहुणे उशिरा आले, तर टाळ्या वाजवू नका.