छत घेऊन मुंबईला

पुण्याहून मुंबईला जाताना माणसं बाकरवडी नेतात. खजिनदार आणि मी छत घेऊन निघालो होतो. सगळं नाही, त्यातली एक टाइल. सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन, आणि मांडीवर दोन फूट बाय दोन फूट फॉल्स सीलिंग.

सदाशिव पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेला हे छत नव्वदच्या दशकात एका दात्याने थेट अमेरिकेहून मागवून बसवून दिलं. यंदा गच्ची गळली आणि चार टाइलांवर तपकिरी नकाशे उमटले. ‘चारच तर बदलायच्यात,’ असं मी कार्यकारिणीत म्हणालो. त्यावर एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, ‘बदला. पण बदलल्याचं कळता कामा नये.’ आमच्याकडे एवढं वाक्य म्हणजे ठराव असतो.

टिंबर मार्केटमधल्या दुकानदाराने टाइल हातातही घेतली नाही. ‘हा माल बंद झाला. मुंबईला बघा,’ म्हणाला. काही विकताना तो इतका खूश झालेला मी कधी पाहिला नव्हता.

गाडीत आमच्या समोर रोजचे पासवाले बसले होते. ‘काका, जरा द्या,’ म्हणेपर्यंत टाइल चौघांच्या गुडघ्यांवर गेली, तिच्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि मेंढीकोट सुरू झाला. ही वस्तू खनिज तंतूंची. वजनाला हलकी, आवाज गिळण्यात तरबेज, पण कोपरा नुसता दाबला तरी भुगा हातात येतो. तरी लोणावळ्यापर्यंत तिने दम धरला. घाटातले बोगदे सुरू झाले आणि कोणाची तरी मेंढी पकडायला एकाने हुकमाचा एक्का आपटला. आमच्या एका नमुन्याचे दोन नमुने झाले. डाव मात्र मोडला नाही. चौघांनी गुडघे जवळ घेतले आणि पुढचं पान पडलं.

नागदेवी स्ट्रीटवरच्या शेठने दोन्ही तुकडे गल्ल्यावर जुळवले आणि आधी उलटे केले. जाणकार माणूस टाइलची पाठ बघतो, हे मला तिथे कळलं. पाठीवर कंपनीचा शिक्का असतो आणि पुष्कळदा एक बाण असतो. समोरच्या वाळवीने कुरतडल्यासारख्या भेगांना दिशा असते. सगळ्या टाइलांचे बाण एकाच बाजूला हवेत, नाहीतर दिवा लागला की चुकलेली एकटी उठून दिसते. शेठने आतून एक कोरी टाइल आणली. त्याच भेगा, तीच टाचणीची भोकं. ‘सेम टू सेम,’ तो म्हणाला. खजिनदारांनी पाकीट काढलं.

मग शेठनेच टेप लावली. आमची 603 मिलिमीटर, त्याची 595.

‘आठ मिलिमीटरने काय आभाळ कोसळणार आहे?’ खजिनदार.

‘आभाळ नाही साहेब, टाइल कोसळणार,’ शेठ म्हणाला आणि त्याने कागदावर उलटा टी काढला. अमेरिकेतला चौकोन 24 इंचांचा, म्हणजे साधारण 610 मिलिमीटर. आपल्याकडचा 600 चा. टीची पट्टी 24 मिलिमीटर रुंद, तेव्हा टाइलला प्रत्येक कडेला टेकायला जेमतेम 12. छोटी टाइल एका बाजूला सरकली की दुसऱ्या बाजूचा टेकू सुटतो. मेट्रिक मापांचा कायदा देशात 1956 साली झाला. आमचे दाते त्यानंतर तीसचाळीस वर्षांनी छत टांगून गेले, ते इंचात.

शिवाय रंग. शेठची टाइल आमच्या तुकड्यांशेजारी ठेवली तर म्हाताऱ्याच्या तोंडात एकच नवा दात बसवावा तशी दिसत होती. पांढऱ्या रंगाचं वय इतकं उघडं पडतं, हे लग्नाच्या पंगतीतल्या धोतरांवरून मला कळायला हवं होतं म्हणा. शेठ म्हणाला, ‘जुन्याला जुनंच लागेल. कुर्ल्याला जा.’

कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडे मोडलेल्या ऑफिसांचे अवयव रचून ठेवलेले असतात: खुर्च्यांची चाकं, काचेची दारं, कोणाच्या तरी केबिनवरची ‘व्यवस्थापक’ पाटी. ताडपत्रीखाली टाइलांची चळत होती. खजिनदारांनी स्वतः टेप लावली. 603. बाण होता. रंगही तसाच पिवळट, फक्त सिगारेटचा वास जादा.

‘चार द्या.’

‘चालीस का लॉट है. पूरा उठाना पड़ेगा.’

खजिनदारांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं. संस्था धर्मादाय आहे, गरिबांची मुलं तिथे स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात.

भंगारवाल्याने शांतपणे विचारलं, ‘बच्चे ऊपर देखते हैं क्या? नीचे देखेंगे तो पास होंगे ना?’

यावर कार्यकारिणीत कोणाकडेच उत्तर नसतं. खजिनदारांनी चाळीसचे पैसे मोजले आणि पावती मागितली. पावती ऐकून तो पहिल्यांदा हसला.

टेम्पोवाला दोरी आवळता आवळता म्हणाला, ‘काय आहे काका हे?’

‘छत.’

‘मग भिंती दुसऱ्या फेरीला का?’